मैदान सरकारचे, मग क्लब कोणाचा?

बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर जे बोलणे चालते, ते केवळ खेळाविषयीचे नसते. प्रशिक्षकाने मध्यंतरानंतर कोणाला उतरवले, यावरून सुरू झालेली चर्चा पाहता पाहता जमाखर्चावर येते. परदेशी खेळाडूवर एवढा खर्च परवडतो का, तिकिटांतून मिळते किती, मालक आणखी किती वर्षे तोटा सोसतील, केरळच्या क्लबची अवस्था आपल्यापेक्षा बरी की वाईट, हैदराबादचे झाले ते आपले होणार नाही कशावरून? सरकारी सेवेत अंदाजपत्रकांवरच्या पुष्कळ बैठकांना मी बसलो आहे. त्यांतल्या बऱ्याच बैठकांपेक्षा या पायऱ्यांवरचे प्रश्न अधिक नेमके असतात. उणीव दोन गोष्टींची असते. विचारणाऱ्यांच्या हाती आकडे नसतात आणि उत्तर देण्यास कोणी बांधील नसते.

हे प्रश्न किती रास्त आहेत, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवीत असल्याचे जाहीर केले. जिंदाल घराण्याच्या जेएसडब्ल्यू समूहाचे पाठबळ असलेल्या, देशातील सुस्थितीत मानल्या गेलेल्या क्लबवर ही वेळ आली. तिचे मूळ क्लबच्या कार्यालयापासून बरेच दूर होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्याच कराराच्या पायावर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे सर्व संबंधितांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही मुदत जवळ आली तेव्हा महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि नव्या कराराची बोलणी अडली होती. जुलैमध्ये संयोजक कंपनीने पुढचा हंगाम स्थगित ठेवला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने घटनेला मान्यता दिली, ऑक्टोबरमध्ये निविदा निघाली आणि मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. अखेर केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी पुढे होऊन १४ फेब्रुवारी २०२६ पासून आटोपशीर हंगाम भरवण्याची घोषणा केली.

क्लबचे उत्पन्न मुख्यत्वे प्रायोजक, लीगच्या महसुलातील वाटा आणि तिकिटे यांतून येते. हंगामाची तारीख ठरत नाही तोवर हे तिन्ही झरे कोरडे राहतात. वेतनाचे करार मात्र दरमहा पैसे मागतात. ही दरी कोणी भरायची? आजवर ती मालकाने भरली. त्याने हात आखडता घेतला की भरणारा दुसरा कोणी नसतो. म्हणजे या व्यवस्थेचा खरा पाया मालकाची मर्जी हा आहे.

आश्रयदाता गेला की संघ संपतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. मात्र आश्रयाचे स्वरूप बदलत आले आहे. लष्करी छावणीमुळे बेंगळुरूत फुटबॉल रुजला. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर दीर्घ काळ गोऱ्या पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये तो प्रथमच भारतीय संघाच्या हाती आला, तो ‘बँगलोर मुस्लिम्स’ या संघाने जिंकला म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. स्वातंत्र्यानंतर इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्तान एरोनॉटिक्स यांसारख्या सार्वजनिक उद्योगांनी संघ पोसले. त्या काळी खेळाडूच्या हाती कायम नोकरीचे पत्र असे. संघ मोडला तरी महिन्याच्या शेवटी घरात पगार येई. आजच्या खेळाडूला त्या काळापेक्षा अनेकपट अधिक पैसा मिळतो, पण तो हंगामाच्या कराराचा असतो. जोखीम वाढली आणि तिची तरतूद करणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

बेंगळुरू एफसीची स्थापना २०१३ ची. पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली, २०१६ मध्ये एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला आणि २०१८-१९ मध्ये त्याने इंडियन सुपर लीगही जिंकली. मला यातील एक बारीक तपशील महत्त्वाचा वाटतो. ‘बँगलोर’चे अधिकृत ‘बेंगळुरू’ झाले ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी. क्लबने ते नाव त्याच्या आधीच धारण केले होते. माहिती-तंत्रज्ञानासाठी देशभरातून आलेल्या तरुणांना आणि इथल्या जुन्या कन्नड, तमिळ, उर्दूभाषक वस्त्यांना एकत्र घोषणा द्यायला या क्लबने एक नाव दिले. जाहिरात खर्चाच्या कोणत्याही रकान्यात ही मालमत्ता बसत नाही. ती शहराने क्लबला दिली आहे.

प्रतिस्पर्ध्यांच्या पडझडीवर खूश होण्याची चाहत्यांची रीत जुनी आहे आणि खेळापुरती ती निर्दोषही आहे. ३ मार्च २०२३ रोजी कंठीरवा मैदानावरच सुनील छेत्रीच्या झटपट घेतलेल्या फ्री-किकवरील गोलाच्या वादातून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. त्याबद्दल त्या क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, कर्नाटकाने रियाध येथे संतोष करंडक जिंकला. १९६८-६९ मध्ये म्हैसूर राज्य म्हणून जिंकलेला करंडक ५४ वर्षांनी परत येत होता. शहरात बोलले जात होते ते केरळविषयी.

हिशेबाच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचे घर जळताना शेकत बसणे परवडणारे नाही. लीग हा सर्व क्लबांनी मिळून तयार केलेला माल आहे. एक क्लब बुडाला की उरलेल्यांच्याही सामन्यांची संख्या, प्रक्षेपणाची किंमत आणि प्रायोजकांचा विश्वास घटतो. महाराष्ट्राच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे देशाच्या सर्वोच्च पातळीवर खेळलेले चार संघ २०१५ ते २०१९ या काळात एकामागून एक नाहीसे झाले. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. त्या हैदराबादने २०२१-२२ मध्ये लीग जिंकली, पुढे तो वेतनाच्या थकबाकीत अडकला आणि २०२५ मध्ये दिल्लीला हलवण्यात आला. सहा वर्षांत एक जागा तीन शहरे फिरली. बालेवाडीत नारिंगी झेंडे घेऊन जाणाऱ्यांना किंवा हैदराबादच्या चाहत्यांना कोणी विचारले असल्याचे मला तरी आढळले नाही. मुंबई सिटीत २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल समूहही डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. जागतिक भांडवल आले म्हणजे स्थैर्य आले, हा समजही त्यासोबत गेला.

कोलकात्यात चित्र थोडे निराळे आहे, कारण तेथील जुन्या क्लबांना सभासद आहेत. २०२१ मध्ये गुंतवणूकदाराशी झालेल्या वादात ईस्ट बंगालचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर लाठीमारही झाला. मोहन बागानच्या नावापुढे लागलेली ‘एटीके’ ही अक्षरे समर्थकांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२३ मध्ये काढली गेली. ८० टक्के भाग उद्योगसमूहाकडे असतानाही हे घडले. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. तेथे क्लबचे बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलण्यापूर्वी चाहत्यांचे मत अजमावावे लागते. जर्मनीत सभासदांकडे बहुमत ठेवण्याचा नियम १९९८ पासून आहे. आपल्याकडे २०२५ मध्येच राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, पण त्याचा रोख महासंघांवर आहे. क्लब आणि त्याचा चाहता यांच्या नात्याला तो हात घालत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. पैसा मालकाचा, तोटा मालकाचा, मग निर्णयही त्याचाच. तोटा सोसणाऱ्या मालकावर अटी लादल्या तर उरलेसुरले मालकही पळतील. हा धोका खरा आहे. म्हणूनच मी जर्मनीची नक्कल सुचवत नाही, खेळाडू कोणता घ्यावा यात चाहत्यांना मतही मागत नाही. परंतु क्लब केवळ मालकाच्या पैशावर चालतो, हेही खरे नाही. कंठीरवा स्टेडियम कर्नाटक सरकारचे आहे, बालेवाडीचे क्रीडासंकुल महाराष्ट्र सरकारचे आणि अंधेरीचे मुंबई महापालिकेचे. त्या मैदानासाठी कंठीरवाच्या धावपटूंनी आपल्या सरावाची जागा आकसत असल्याची तक्रार वारंवार केली आहे. सार्वजनिक जागा, पोलीस बंदोबस्त आणि शहराचे नाव ही समाजाची गुंतवणूक आहे. गुंतवणूकदाराला हिशेब पाहण्याचा अधिकार असतो.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सार्वजनिक मैदानांच्या करारांच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्यांत भाडे, अनामत, वीजबिल आणि साफसफाई यांवर पानेच्या पाने असतात. क्लब उद्या शहर सोडून गेला तर काय, याविषयी एक ओळही नसते. ती लिहिण्याचा अधिकार मैदानाच्या मालकाला, म्हणजे राज्य सरकारला किंवा महापालिकेला, आजच आहे. करारात चार अटी पुरेशा आहेत. क्लबने लेखापरीक्षित हिशेबाचा गोषवारा दरवर्षी जनतेसाठी प्रसिद्ध करावा. कंपनी निबंधकांकडे हिशेब जमा करावेच लागतात, तेव्हा यात जाच नाही. काही महिन्यांच्या वेतनाएवढी बँक हमी ठेवावी. नाव, रंग, बोधचिन्ह किंवा शहर बदलण्यापूर्वी नोंदणीकृत समर्थक संस्थेशी लेखी विचारविनिमय करावा. आणि धावपटूंच्या सरावाचे वेळापत्रक करारालाच जोडावे. बदल्यात सरकारने एका वर्षाच्या परवानगीऐवजी दीर्घ मुदतीचा करार द्यावा. मालकालाही स्थैर्य हवेच असते.

अर्धी जबाबदारी चाहत्यांची आहे. घोषणा आणि पडदे यांपुरता असलेला गट सरकारच्या लेखी केवळ गर्दी असतो. जून २०२५ मध्ये चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचे प्राण गेले. चाहत्यांकडे गर्दी म्हणून पाहणारी यंत्रणा गर्दीही नीट सांभाळू शकत नाही, हे त्या दिवशी दिसले. चाहत्यांनी कर्नाटकाच्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदणी करावी, निवडणुका घ्याव्यात, आपल्या वर्गणीचा हिशेब आधी स्वतः प्रसिद्ध करावा. केरळ, गोवा, मुंबई येथील समर्थकांनीही तेच केले, तर मैदानावर एकमेकांना हिणवणारे हे गट महासंघापुढे एका कागदावर सह्या करू शकतील. पुढच्या व्यावसायिक कराराचा मसुदा होताना त्या कागदाला जागा मिळणे आवश्यक आहे. मागचा करार १५ वर्षांचा होता. पुढचाही दीर्घ मुदतीचा असेल आणि त्यावर सही होण्यापूर्वीचा काळ फार थोडा आहे.