दिल्लीचा आदेश आणि आडसाली ऊस

जून उजाडला की कराड, वाळवा भागात शेतकरी विचारतात, "साहेब, आडसाली किती लावू?" सरी, बेणं, खत सांगता येतं, दराचं उत्तर आमच्या पुस्तकात नाही.

जुलै 2022 ची लागण बघा. तेव्हा केंद्राचा इथेनॉलवर जोर, कारखाने डिस्टिलरी वाढवत होते. पुढे ऑगस्ट 2023 कोरडा गेला, साखर कमी पडेल अशी धास्ती बसली आणि 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली, उठली ऑगस्ट 2024 मध्ये. साखर तर अंदाजापेक्षा जास्तच निघाली होती! आदेश एका दिवसात निघतो, पण तोडीला आलेला सतरा महिन्यांचा ऊस कुठं न्यायचा?

हे नवीन नाही. 2006 मध्ये साखर महागली म्हणून निर्यात बंद केली. 2006-07 ला देशात 280 लाख टनांवर साखर झाली, दर कोसळले, लोकांनी ऊस मोडला. 2008-09 ला उत्पादन जेमतेम 145 लाख टनांवर आलं.

त्यात एफआरपी 2018-19 ला टनाला 2750 होती (10 टक्के उतारा), 2024-25 ला 3400 झाली (10.25 टक्के). साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 पासून त्या हंगामापर्यंत किलोला 31 रुपयेच. बाजार पडला तर कारखान्याला आधार तेवढाच, मग चौदा दिवसांत बिल कसं येणार?

म्हणून सगळं रान आडसालीखाली घालू नका. काही सुरूला ठेवा आणि आडसालीत सोयाबीन किंवा भुईमूग घ्या. लागणीचा थोडा तरी खर्च चार महिन्यांत निघतो.