बंदूक शेतकऱ्याची, नेम कोणावर?

मालवण : सिंधुदुर्गात काजूचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेअखेर आटोपतो. हापूसचेही दिवस जवळपास तेच. बागायतदाराची वर्षाची कमाई बव्हंशी या चार महिन्यांत होते आणि माकडे, रानडुकरे, गवे यांचा उपद्रवही याच काळात टिपेला पोहोचतो. 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चला लागली, रत्नागिरी-सिंधुदुर्गात 7 मे रोजी मतदान झाले आणि मतमोजणी 4 जूनला पार पडली. विधानसभेची आचारसंहिता त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आलेले होते. परवानाधारक शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा विषय आचारसंहितेबरोबरच येतो. त्यामुळे निवडणुकीचे पंचांग आणि शेतीचे पंचांग यांचा मेळ बसत नाही, ही येथील शेतकऱ्यांची जुनी तक्रार पुन्हा ऐकू येणे स्वाभाविक होते.

या तक्रारीच्या मुळाशी मात्र एक वेगळाच प्रश्न आहे. शेतकऱ्याने बंदूक घ्यावी ती कोणती, आणि घेतल्यावर तिचा बार कोणावर काढावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये आहे. पीकसंरक्षणासाठी कायद्याने प्रथम पुढे केली आहे ती ठासणीची बंदूक. ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच अन्य गुळगुळीत नळीची, म्हणजे व्यवहारात काडतुसाची, बंदूक त्याच कामासाठी देता येते. स्वसंरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी असा परवाना मागता येतो, पण नळी किमान 20 इंचांची हवी. नळी आखूड करून घेतलेली बंदूक ही गुन्ह्याला आमंत्रण देणारी वस्तू, असा या तरतुदीमागील सरळ विचार दिसतो.

ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू, चिंधी आणि छर्रे भरून गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा हाच सारा खटाटोप. कोकणच्या पावसाळ्यात दारू दमट होते आणि ऐनवेळी टोपीच तेवढी फुटते. जखमी होऊन उलटलेल्या डुकरासमोर अशी बंदूक घेऊन उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळ. दूरवरच्या कळपाला आवाजाने पिटाळणे, एवढेच तिचे खरे काम.

काडतुसाची बारा बोअरची बंदूक या दृष्टीने भरवशाची. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातील एक मावेल एवढा नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर, हा ‘बारा बोअर’चा अर्थ. एकनळी हलकी आणि स्वस्त पडते. दुनळीत दुसरा बार हाताशी राहतो आणि एक घोडा बिघडला तरी दुसरा चालतो. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तयार होतात. बारीक छर्रे तीस-चाळीस मीटरपलीकडे निष्प्रभ होतात. मोठे छर्रे त्याहून बरेच दूर जातात आणि धोका तेथेच आहे. कोकणातील वाडी विखुरलेली असते. गडग्यापलीकडे कोणाचा तरी मांगर असतो, पहाटे कोणीतरी काजू वेचत असते. रानात शिकारीला गेलेल्याला सोबत्याचीच गोळी लागल्याच्या बातम्या या पट्ट्याला नव्या नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. काजू आणि नारळाचे सर्वाधिक नुकसान माकडे करतात, असे कोणताही बागायतदार सांगेल. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यानुसार दक्षिणेकडचे लाल तोंडाचे माकड, म्हणजे बॉनेट मकाक, पहिल्या अनुसूचीत गेले. गवा, बिबट्या आणि हत्ती तेथे आधीपासूनच आहेत. या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. पिकाची नासाडी हे कारण तेथे चालत नाही. दुसऱ्या अनुसूचीतील रानडुकराबाबत ते चालते, मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीनेच. थोडक्यात, जिल्हाधिकारी कार्यालय पीकसंरक्षणासाठी बंदूक देते आणि वनखाते बहुतेक पीकचोरांवर ती रोखण्यास मनाई करते. दोन्ही कायदे आपापल्या जागी योग्य आहेत. त्यांची गाठ पडते ती बागेत.

हत्तींच्या बाबतीत तर बंदुकीचा विचारच फोल आहे. कर्नाटकातून 2002 च्या सुमारास दोडामार्गात उतरलेल्या हत्तींनी हे पुरेसे शिकवले आहे. छर्ऱ्यांनी हत्ती मरत नाही, बिथरतो. माकडांच्या बाबतीतही एक इशारा द्यायला हवा. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात माकडतापाने थैमान घातले होते. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी माणसाला बाधू शकतात, त्यामुळे बागेत माकड मारून टाकणे हा आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणा नव्हे.

घरसंरक्षणाचे काय? मुले मुंबईत आणि वाडीवरच्या घरात दोन वृद्ध, हे चित्र किनाऱ्यावर सर्रास दिसते. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने वन्यप्राणी मारला गेल्यास तो गुन्हा नाही, असे वन्यजीव कायद्याचे कलम 11 सांगते. मात्र त्या क्षणी मारणारा स्वतः बेकायदा शिकारीत गुंतलेला नसावा. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. चोराबाबत 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 लागू आहेत. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत छर्रे घालणाऱ्याला ही कलमे सहसा तारणार नाहीत. शिवाय बंदूक घरात भरलेली ठेवणे धोक्याचे आणि कुलूपबंद ठेवली तर मध्यरात्री ती हाती येण्यास वेळ लागणार. अशा घराला दणकट कडी, अंगणातला दिवा आणि भुंकणारा कुत्रा अधिक उपयोगी, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

निवडणुकीतील जमावणीबाबत मात्र शेतकऱ्याची बाजू भक्कम आहे. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्येच घेतली आहे. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याची बाग ऐन भरात आहे, त्याने या आधारे समितीकडे वेळेत लेखी अर्ज करावा.

आणि हे वाचणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांसाठी एक बाब. गावच्या घरातील वडिलांची बंदूक परवान्यात नाव नसलेल्या राखणदाराच्या हाती देणे गुन्हा आहे. वडिलांच्या पश्चात ती तशीच खुंटीला टांगून ठेवणे हाही गुन्हाच. शस्त्र नियम, 2016 नुसार परवानाधारकाचे वय 70 झाल्यास किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षे झाल्यास त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो सिंधुदुर्गनगरीतील जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो.