पदक खेळाडूचे, हिशेब सरकारचा

२६ नोव्हेंबर २०२५. देशभर संविधान दिन साजरा होत होता, शाळाशाळांत उद्देशिकेचे वाचन चालले होते. त्याच दिवशी तिकडे ग्लासगोमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यावर शिक्कामोर्तब झाले. पुढचे लक्ष्य २०३६ चे ऑलिम्पिक आहे, हेही सरकारने लपवलेले नाही.

बातमी आली आणि आपल्या तरुणांमध्ये दोन तट पडले. एक म्हणतो, देशाचा मान वाढतोय, इथे जात कशाला आणता? दुसरा म्हणतो, हा श्रीमंतांचा थाटमाट, आपला काय संबंध? आम्हाला विचाराल तर हे दोघेही सरकारच्या सोयीचेच बोलत आहेत. पहिला टाळ्यांच्या नादात हिशेब मागत नाही. दुसरा मैदानाकडे पाठ फिरवून बसतो, म्हणून त्यालाही हिशेब दिसत नाही.

दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांवेळी आम्ही विशीत होतो. स्पर्धेवर आमचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला कारणेही होती. २००३ मध्ये या स्पर्धेचा अंदाजित खर्च २९७ कोटी रुपये होता. महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात तो १८,५३२ कोटींवर गेलेला दिसतो. हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्कच्या अभ्यासानुसार या काळात दिल्लीतून किमान दोन लाख माणसे हुसकावली गेली. स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले. टीव्हीवर मात्र चर्चा कशाची? टॉयलेट पेपरच्या भावाची आणि परदेशी पाहुणे नाक मुरडतात याची.

मग ऑक्टोबर उजाडला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. रांचीच्या रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी हिने तिरंदाजीत सोने जिंकले. वसतिगृहातल्या टीव्हीसमोर आम्हीही ओरडलो, नाचलो. आमच्या मनातला कडवटपणा त्या दिवसांत पातळ झाला, हे सांगायला आम्हाला संकोच नाही. आपल्या वस्तीतली, आपल्या पाड्यावरची पोरगी जगासमोर उभी राहते तेव्हा ज्याचे मन हलत नाही, त्याची चळवळ कोरडी झाली असे समजावे.

पण लगेच टोमणे सुरू झाले. ‘आता कुठे गेला तुमचा विरोध? पदकाला टाळ्या वाजवता ना?’ या टोमण्यातली चलाखी ओळखा. पदक कविताच्या पायांनी जिंकले, आणि त्याची पावती फाडली जाते ठेकेदाराच्या, मंत्र्याच्या, आयोजन समितीच्या नावाने. आमच्या टाळ्या खेळाडूला होत्या. त्या टाळ्यांनी एकाही बिलाला मंजुरी मिळत नाही.

आणि बिल कोणी भरले? मित्रांनो, इथे जरा थांबा, कारण हा भाग आपल्याच पोरांना ठाऊक नसतो.

अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात योजना निधी बाजूला काढायचा, तो केवळ त्या समाजाच्या विकासावर खर्च करायचा, दुसरीकडे वळवायचा नाही आणि व्यपगत होऊ द्यायचा नाही, हे नियोजन आयोगाचे निर्देश. दिल्लीत अनुसूचित जाती सुमारे १७ टक्के. या योजनेतले सुमारे ७०० कोटी रुपये राष्ट्रकुल स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचे २०१० मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले. प्रकरण राज्यसभेत गाजले. तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना हे वळवणे योग्य नव्हते, असे मान्य करावे लागले.

बचाव काय होता? रस्ते, पूल, स्टेडियम सगळेच वापरतात, दलितही वापरतात! वा रे न्याय! मग सवर्ण वस्तीतला रस्ता दलितांच्या निधीतून आणि दलित वस्तीतले गटार ‘निधी उपलब्ध झाल्यावर’? पूल जर सर्वांचा, तर तो सर्वांच्या पैशातून बांधा. आमच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, घरकुलाचा पैसा सिमेंटमध्ये ओतून वर आम्हालाच सांगायचे की या पुलावरून तुम्हालाही चालता येते. या व्यवहारात कोणी लाच घेतली नाही, फाईलवर रीतसर सह्या झाल्या. म्हणूनच या देशाच्या घोटाळ्यांच्या यादीत हा घोटाळा नाही. आपला पैसा रीतसर पळवला जातो, ही खरी गोष्ट आहे.

त्याआधी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतही कष्टकरीच नागवला गेला. स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी, आणि तिला संविधानाचे अनुच्छेद २३ मनाई करते. महारवतनाविरुद्ध लढलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना वेठबिगारी या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. हा निकाल तरुणांनी मुळातून वाचला पाहिजे. स्पर्धा रोखण्यासाठी ती याचिका नव्हती. मजुराचा एक रुपया मागण्यासाठी होती. आमची भूमिका त्याच वाटेवरची आहे.

काही जण म्हणतील, ते काँग्रेसचे राज्य होते, आता काळ बदलला. काळ बदलला तो असा : फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प यांच्या दौऱ्याआधी अहमदाबादेत झोपडपट्टीसमोर भिंत उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पंजा असो की कमळ, तिजोरीत खडखडाट झाला की हात आपल्याच डब्यात जातो.

आणि पदकानंतर काय? योग्य नोकरीसाठी डावलले गेले ते आदिवासी असल्यामुळे का, हा सवाल कविता राऊत यांना २०२४ मध्ये जाहीरपणे करावा लागला. २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर जातीवाचक शिवीगाळ झाली. जिंकली तर भारताची कन्या, हरली तर जात. तेव्हा ‘खेळात जात आणू नका’ हा उपदेश आम्हाला करू नका. तो त्या घरासमोर जाऊन करा.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२३ मध्ये खर्च पाहून २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून अंग काढून घेतले. शाळा आणि रुग्णालयांचा पैसा यासाठी काढणार नाही, असे तिथले सरकार म्हणाले. श्रीमंत राज्य हिशेब करते आणि आपण हिशेब मागितला की देशद्रोही ठरतो.

म्हणून २०३० ला पाच वर्षे असतानाच आपण मागणी ठेवली पाहिजे :

१. अनुसूचित जाती-जमातींच्या निधीतला एक रुपयाही स्पर्धेच्या कामाकडे वळणार नाही, असे केंद्र आणि गुजरात सरकारने लेखी जाहीर करावे.

२. या निधीला कायद्याचे संरक्षण द्यावे. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाने कायदे केले. मात्र कायद्यात पळवाट नको. सर्वसाधारण कामांवरचा खर्चही या निधीत दाखवू देणारे ७-ड कलम कर्नाटकाला २०२३ मध्ये काढावे लागले, आणि त्यानंतरही गॅरंटी योजनांसाठी याच निधीला हात लागला. कायद्यासोबत लक्ष ठेवणारे कार्यकर्तेही हवेत.

३. पुनर्वसनाआधी एकही घर पाडू नये. बांधकाम मजुरांचे वेतन थेट बँक खात्यात जमा व्हावे.

४. नव्या स्टेडियमच्या आधी आश्रमशाळा आणि समाजकल्याण वसतिगृहांना मैदान, प्रशिक्षक आणि पोटभर सकस आहार मिळावा. पुढची कविता तिथेच आहे.

प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या अनुसूचित जाती उपयोजनेचा खर्च माहिती अधिकारात मागायला आजच सुरुवात करावी. दिल्लीचे ७०० कोटी तसेच उघडकीला आले होते.

२०३० मध्ये आपली पोरे धावतील तेव्हा आम्ही पुन्हा ओरडू, पुन्हा नाचू. एका हातात निळा झेंडा असेल आणि दुसऱ्या हातात माहिती अधिकाराचा अर्ज.

जय भीम!