फिट, चूल आणि गोळ्या

भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. तिथल्या दवाखान्याच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत फिट येऊन विस्तवात पडलेला, भाजलेला एक आदिवासी होता. आजार मेंदूचा, जखम विस्तवाची! मैत्रिणींनो, दिवसभर चुलीपाशी आणि नदीवर राबणाऱ्या बाईला हा धोका किती असेल?

म्हणून आशाताई, अंगणवाडीताई आणि आपण कार्यकर्त्यांनी एवढे शिकून घ्यायलाच हवे. फिट आली की बाईला विस्तवापासून, पाण्यापासून दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबले नाहीत, लागोपाठ आले किंवा बाई गरोदर असेल, तर दवाखाना गाठा. या जंगलपट्टीत तापात आलेली फिट मेंदूच्या मलेरियाचीही असते. तेव्हा पुजाऱ्याकडे रात्र घालवणे जिवावर बेतते.

गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, गरोदरपणातही नाही. डॉक्टरांना विचारून बदलायच्या. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच गोळ्या घरात हव्यात.

वारंवार फिट येणे हा लग्नातला अडथळा मानणारी हिंदू विवाह कायद्यातली तरतूद १९९९ साली वगळली गेली. अनुसूचित जमातींना तर तो कायदा मुळात लागूच नाही. तरीही मुलीची फिट लपवून लग्न उरकले जाते. मग नवरीबरोबर भांडी जातात, गोळ्या माहेरीच राहतात.