प्रदर्शनातला नमुना आणि फोटोतला माणूस

मागच्या हिवाळ्यात आम्ही घोटीच्या अभ्यासिकेतली पंचवीसेक पोरं-पोरी घेऊन एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो. वर्षभर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात मान घालून बसलेल्या पोरांना एक दिवस मोकळं सोडावं, एवढाच हेतू. सोबत गावातले एक फोटोग्राफर काका होते. पाळणे झाले, पाण्यातल्या घसरगुंड्या झाल्या, आणि जेवणानंतर आम्ही 'जगाच्या संस्कृती' अशी पाटी लावलेल्या दालनात शिरलो.

आत प्रत्येक देशाला एक कोपरा. युरोपच्या कोपऱ्यात पवनचक्की, घड्याळाचा मनोरा, दगडी पूल. जपानच्या कोपऱ्यात चहाचे पेले आणि किमोनो घातलेली बाई. आफ्रिकेच्या कोपऱ्यात (आफ्रिका हा देश नसून पन्नासहून जास्त देशांचा खंड आहे, हे पाटी रंगवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं) गवताची झोपडी आणि भाला घेतलेला, अर्धा उघडा फायबरचा पुतळा. भारताच्या कोपऱ्यात एक गाव. विहीर, चाकावर बसलेला कुंभार, भात्यापाशी लोहार, गारुडी, आणि पानांचे कपडे घातलेलं 'आदिवासी जोडपं'. आमच्यातला एक पोरगा तिथेच म्हणाला, "गोऱ्यांच्या इमारती ठेवल्यात आणि बाकीच्यांची शरीरं." त्याच्या या एका वाक्याने आमची सहल संपली आणि अभ्यासवर्ग सुरू झाला, असं म्हणायला हरकत नाही.

गावात विहीर होती, पण त्या विहिरीवर कुणाला पाणी भरायची बंदी होती ते कुठे नव्हतं. बलुतेदार होते, पण दिसायला देखणे तेवढेच. मेलेलं ढोर ओढणारा नव्हता. वेशीबाहेरची वस्ती नव्हती. गटारात उतरणारा तर नव्हताच.

बाहेर पडायच्या वाटेवर भाड्याच्या कपड्यांचा काउंटर होता. कोळी, काश्मिरी, राजस्थानी, आदिवासी, हवा तो वेष चढवा आणि फोटो काढून घ्या. काउंटरवरच्या मुलाने आमच्यातल्या एका मुलीपुढे पिसांचा मुकुट आणि पानं छापलेला झगा धरला. "मॅडम, आदिवासी ड्रेस ट्राय करा, भारी दिसेल." ती इगतपुरी तालुक्यातल्याच एका पाड्यावरची, ठाकर समाजातली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिने झगा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कुणाचा आहे?" मुलगा म्हणाला, "आदिवासींचा." ती काही बोलली नाही. परतीच्या बसमध्येही नाही. त्या मुलावर आमचा राग नाही. दिवसभर उभं राहून पोट भरणारा तोही आपल्यातलाच कुणी असेल.

हे आम्ही दोन-चार कार्यकर्त्यांना सांगितलं, तेव्हा एकाने हसून विचारलं, "तुम्ही सहलीला गेला होता की मोर्चाला?" प्रश्न बरोबर आहे. करमणुकीच्या जागी करमणूक करावी. पण शाळकरी पोरं 'जग' पहिल्यांदा जिथे पाहतात, तिथे त्यांना स्वतःची जागा कोणती दाखवली जाते, हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही.

या प्रश्नाला बाबासाहेबांनी फार लवकर हात घातला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आपण सगळेच त्या निबंधातला सजातीय विवाहाचा मुद्दा भाषणांतून सांगतो, पण सुरुवातीचा भाग ओलांडून पुढे जातो. ती सुरुवात प्रदर्शनापासूनच आहे. वस्तूंची प्रदर्शनं लोकांनी पुष्कळ पाहिलेली असतात, पण मानवी संस्थांचंही प्रदर्शन मांडता येतं, ही कल्पना फारशी कुणाच्या मनात येत नाही, असा त्यांचा मुद्दा. आणि मग ते जात नावाची संस्था समोर ठेवून तिचा एकेक खिळा काढून दाखवतात. थीम पार्कवाल्याने मडकं ठेवलं, कुंभार ठेवला. कुंभाराच्या पोराने मडकंच का घडवायचं, हे सांगणारी वस्तू त्याच्याकडे नाही. ती बाबासाहेबांच्या निबंधात आहे.

बाबासाहेब १९१३ साली ज्या न्यूयॉर्कला उतरले, त्याच शहरात सात वर्षांपूर्वी, १९०६ साली, ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात ठेवून लोकांना दाखवलं होतं. त्याआधी १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनातही तो 'नमुना' म्हणूनच आणलेला होता. काळ्या धर्मोपदेशकांनी आवाज उठवला तेव्हा त्याची सुटका झाली. मार्च १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. बाबासाहेबांनी निबंध वाचला तो त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. हा योगायोगच आहे, पण ज्या काळात माणसं पिंजऱ्यात मांडली जात होती, त्याच काळात आपला एक विद्यार्थी व्यवस्थेलाच काचेच्या पेटीत मांडत होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडचा इतिहासही असाच. १८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे 'पिढीजात भारतीय कारागीर' म्हणून लोकांसमोर बसवलेली बरीच माणसं प्रत्यक्षात आग्र्याच्या तुरुंगातून आणलेली होती. विणकाम, गालिचे हे त्यांना तुरुंगात शिकवलेलं. म्हणजे ज्या 'अस्सल खेड्या'चं कौतुक लंडनने केलं, तो माल तुरुंगातला. त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने शहरातल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि ते कापून दुसऱ्याच देखाव्यावर जोडायचे, ही त्याची पद्धत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखायची होती. फोटोखाली जात, जमात, धंदा, आणि त्या जातीचा स्वभाव कसा, कोण विश्वासू, कोण चोर. बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही. चेहरा इतका स्पष्ट की आज रस्त्यात भेटला तर ओळखू, आणि नाव मात्र नाही.

इंग्रजांनी कॅमेरा आणला. पण जात पाहून माणूस ओळखायचा आणि कपड्यावरून जात पाहायची, हे त्यांना इथल्या व्यवस्थेने आयतं दिलं. म्हणून 'पारंपरिक पोशाख' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. परंपरा कुणाची? मनुस्मृतीत चांडाळांसाठी प्रेतावरचे कपडे आणि लोखंडाचे दागिने सांगितले आहेत. गावोगाव अस्पृश्यांनी चांगलं लुगडं नेसू नये, सोन्या-चांदीचं अंगावर घालू नये, हे दंडक होते. हा पोशाख ही शिक्षा होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब तिथे जमलेल्या बायांशी बोलले, ते लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं नेसणं सोडा, गळ्यातले-हातातले ते जाडजूड दागिने सोडा, हे त्यांनी सांगितलं, आणि बायांनी ते ऐकलं. आज कुणी ते गिलटाचे दागिने काचेत ठेवून खाली 'लोकसंस्कृती' असं लिहीत असेल, तर शेजारी महाडचं भाषणही ठेवायला हवं. नाहीतर ते प्रदर्शन खोटं आहे.

गांधीजींनी १९२१ साली पंचा नेसला तेव्हा देशाने त्यांना महात्मा म्हणून डोक्यावर घेतलं. बाबासाहेबांनी कोट-टाय घातला म्हणून त्यांना 'साहेब' म्हणून टोमणे मारणारे आजही भेटतात. ज्याच्याकडे कपडे होते त्याने ते उतरवले. ज्यांना घालायला बंदी होती त्यांनी ते चढवले. यातलं धाडसाचं कोणतं, ते वाचकांनीच ठरवावं.

आता फोटोग्राफर काकांकडे येऊ. घोटीत मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला त्यांनी तीसेक वर्षं स्टुडिओ चालवला. पासपोर्ट फोटो, दहावीच्या फॉर्मचे फोटो, जातीच्या दाखल्याचे, स्थळ पाहायला पाठवायचे, आणि गेलेल्या माणसाचा लहान फोटो मोठा करून हार घालायला द्यायचा. मोबाइल आल्यावर धंदा बसला. आता लग्नाच्या सीझनपुरतं काम. त्या दालनात ते पुतळ्यांसमोर बराच वेळ उभे होते. नंतर चहा पिताना म्हणाले, "यांची नजर कुणाकडेच नाही. मी गिऱ्हाइकाला आधी नाव विचारायचो. नाव घेऊन हाक मारली की माणूस कॅमेऱ्याकडे बघतो."

नाव विचारण्याचं दुसरंही एक कारण होतं, रजिस्टर. जुन्या स्टुडिओत प्रत्येक निगेटिव्हला नंबर असायचा आणि रजिस्टरात नंबरापुढे नाव, गाव, तारीख. काकांची ती रजिस्टरं अजून घरी आहेत. आमच्या मते घोटी परिसराचा त्यापेक्षा मोलाचा दस्तऐवज नाही. आठ सरकारी खंडांत जे जमलं नाही ते या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत आहे. भातशेतीवरची मजूर, रेल्वेतला गँगमन, राइस मिलमधला हमाल, प्रत्येकाचं नाव आहे, आणि जातीचा रकाना नाही.

स्टुडिओत खुंटीला एक कोट टांगलेला असायचा. ज्याच्याकडे नसेल त्याने तो घालावा, केस विंचरावेत, बसावं. आपल्या किती तरी घरांत आजोबांचा कोटातला फोटो आहे, तो असाच. आम्हीही लहानपणी त्यावर हसलो आहोत. पण त्या कोटात आणि थीम पार्कच्या झग्यात फरक आहे. कोट माणसाने स्वतः निवडला. उद्या आपण कोण व्हायचं ते तो कॅमेऱ्याला सांगत होता. झगा दुसऱ्याने पुढे केला. काल तुम्ही कोण होता, हे तो तुम्हाला सांगत होता, आणि तेही खोटं.

फोटोग्राफर म्हणून उभं आयुष्य या एका मुद्द्यावर लावलेला माणूस आपल्याकडे आहे. सुधारक ओलवे यांनी १९८८ पासून मुंबईच्या वृत्तपत्रांत काम केलं आणि त्याच काळात महापालिकेच्या सफाई कामगारांमागे कॅमेरा घेऊन फिरले. गटारात, कचऱ्याच्या गाडीवर, आणि मग त्यांच्या घरातही. हे कामगार जवळजवळ सगळे दलित. ज्या माणसाला कुठल्याही 'भारतीय गावा'च्या देखाव्यात जागा नाही, त्याला ओलवे यांनी चौकटीच्या मधोमध आणलं. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्या कामाची दखल घेतली, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार ठीक आहेत. आमच्या पोरांनी पाहावी ती त्यांची चिकाटी, एका विषयाजवळ वर्षानुवर्षं थांबण्याची.

अमेरिकेत गॉर्डन पार्क्सने हेच केलं. १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत झाडू मारणाऱ्या काळ्या बाईला त्याने राष्ट्रध्वजासमोर उभं केलं, एका हाताशी झाडू, मागे पोछा. तिचं नाव एला वॉटसन. पार्क्स तिच्या घरी गेला, कुटुंब पाहिलं, चर्च पाहिलं, तिथलेही फोटो काढले. आणि त्याच्याही आधी फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून पळालेला हा माणूस एकोणिसाव्या शतकातला सर्वाधिक फोटो काढून घेतलेला अमेरिकन मानला जातो. नेहमी कडक कपड्यांत, जवळजवळ कधीच न हसता. मालकांनी हसऱ्या गुलामाचं चित्र रंगवलं होतं, ते त्याला पुसायचं होतं. बाबासाहेबांचे फोटो ओळीने लावून पाहिले की डग्लस आठवतो.

आता थोडं आपल्याकडे बोट. घरोघरी बाबासाहेबांचा फोटो आहे, असलाच पाहिजे. पण २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिरासमोर हजारो माणसं उभी राहिली. पाच वर्षं तो सत्याग्रह चालला. नाशिक जिल्ह्यातल्या गावागावातून लोक गेले. दादासाहेब गायकवाडांचं नाव आपण घेतो. आपल्याच वाडीतून कोण गेलं होतं, त्याचा चेहरा कसा होता, हे सांगता येणारी घरं किती? दोष बाहेरच्यांचा नाही. फोटो होता, तो पत्र्याच्या पेटीत राहिला. घोटी-इगतपुरीकडे चार महिने पाऊस, भिंतीला ओल, पेटीत बुरशी. घर बांधताना पेटी निघाली आणि कचऱ्यात गेली. अशी दोन उदाहरणं आमच्या डोळ्यांदेखत घडली आहेत, आणि त्यातलं एक आमच्याच घरातलं आहे.

कुणी म्हणेल, मग आदिवासींनी नाचू नये का, वारली चित्रं काढू नयेत का? जरूर. काय दाखवायचं, कुठे, किती पैशांत, हे त्यांनी ठरवावं. त्यांच्या वतीने ते सांगण्याचा अधिकार आमचाही नाही. आमचं म्हणणं एवढंच, की हायवेवरच्या रिसॉर्टला 'ट्रायबल नाइट'साठी पोरं हवी असतात तेव्हा मध्यस्थी करायला आपल्यातलीच पोरं पुढे जातात, ती जाऊ नयेत.

सहलीनंतर अभ्यासिकेत दर रविवारी एक टेबल मोकळं ठेवलं आहे. लोक जुने फोटो आणतात, काका मोबाइलवर न काढता नीट स्कॅन करून मूळ फोटो परत देतात. त्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो बाहेर काढा, तो डिंक फोटो खातो. मागे नाव, गाव, साल लिहा, आणि मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई ओलीत पसरते. रजिस्टरं उतरवून घेण्याचं काम त्या ठाकर मुलीने मागून घेतलं आहे. तिच्या आजीचं नाव १९९० च्या दशकातल्या एका वहीत निघालं, पाड्याच्या नावासकट. निगेटिव्ह मात्र अजून सापडलेली नाही. काकांच्या माळ्यावर तीन डबे उघडायचे बाकी आहेत.