नळी घासावी, पण किती?

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि कोल्हापूरच्या पोरांचा नेमबाजीकडे ओढा वाढला. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे रायफलच्या नळीतला तेलाचा थेंबही नडतो.

तरीही नळी साफ करण्याचा विषय आपल्याकडे ‘चकचकीत ठेवा’ एवढ्यावरच संपतो. हे चूक आहे.

स्पर्धेतल्या पॉइंट टू-टू काडतुसाची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखे वंगण असते. गोळ्या सुटत जातात तसा त्या वंगणाचा पातळ थर नळीत बसतो आणि मारा एकसारखा होऊ लागतो. तीव्र द्रावणाने नळी कोरडी ठक्क केली की हा थर जातो. पहिल्या काही गोळ्या भलतीकडे लागतात. तेल राहिले तरी तेच. म्हणूनच जाणते नेमबाज सफाईनंतर काही गोळ्या आधी वाया घालवतात.

अमोनियाची द्रावणे तांबे विरघळवण्यासाठी असतात, म्हणजे तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्यांच्या रायफलींसाठी. उघड्या शिशाला त्यांचा उपयोग नाही. खरखरीत पेस्टने रोज घासणे तर त्याहून वाईट, कारण नळीच्या आतले आटे झिजले की परत येत नाहीत. नळीच्या तोंडाची कड सफाईच्या सळईने खरवडली गेली तर गोळी बाहेर पडतानाच ढळते. सळई मागून, म्हणजे काडतूस बसते त्या बाजूनेच घालावी.

प्रशिक्षक नेम धरायला शिकवतात तितक्याच आस्थेने त्यांनी हेही पहिल्या महिन्यातच शिकवावे.