खालचं कोण पाहतंय?

"खालचं कोण पाहतंय जी?" आपल्या बालाघाटात चित्रकलेचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतेच. क्लासवाल्या ताई म्हणतात, मंदिर समितीचे काका म्हणतात, पोरीची आईसुद्धा म्हणते. तैलचित्राला खरे रंग लावण्याआधी कॅनव्हासवर एकाच रंगात, पातळ हाताने, उजेड-सावलीसकट सगळे चित्र मांडून घ्यायचे असते. त्याला अंडरपेंटिंग म्हणतात. मी त्याला तळरंग म्हणते. हा तळरंग आपल्या मुलींना शिकवलाच जात नाही, आणि माझे भांडण त्यावरूनच आहे.

आपल्याकडचे क्लास कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. छापील चित्र घ्यायचे, कार्बन ठेवून गिरवायचे, ट्यूबमधला रंग काढून चौकटी भरायच्या. आठवड्यात चित्र तयार. फ्रेम करून बैठकीत टांगले की बायोडाटात ओळ वाढते : "हॉबी – पेंटिंग". पाहुणे येतात, मान डोलावतात, पोहे खाऊन जातात. लग्न झाले की ब्रश वाळून काठी होतात. बायांनो, याला शिकवणे म्हणत नाहीत. हे मुलीला दागिना घालून दाखवणे झाले.

तळरंगाने होते काय, ते नीट सांगते. कच्चा अंबर नावाचा तपकिरी रंग घ्या, टर्पेंटाइनने पातळ करा, कॅनव्हासवर पसरा. जिथे उजेड हवा तिथे फडक्याने पुसा, जिथे सावली हवी तिथे आणखी थोडा लावा. निळा की गुलाबी, हा प्रश्न अजून आलेलाच नाही. आता फक्त एवढेच ठरते आहे की प्रकाश कुठून येतो, डोळा आधी कुठे जाईल, कोण पुढे आहे, कोण मागे. चूक असेल तर एका फडक्याने पुसली जाते. वर रंग चढल्यावर तीच चूक काढायला सुरीने खरवडावे लागते. इटलीत फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात लिओनार्दो दा विंचीचे 1481 मध्ये सुरू केलेले आणि अपुरे राहिलेले एक मोठे चित्र आहे. त्यात हा तपकिरी थर उघडाच दिसतो. आई, बाळ, भोवतीची माणसे, मागचे घोडे, सगळे बहुतेक त्या तपकिरीतच उभे आहे.

लांब कशाला जायचे? आपल्या मंदिरांत लेश्यावृक्षाचे चित्र असते. जांभळाचे झाड आणि सहा भुकेली माणसे. कृष्ण लेश्येचा मुळावरच कुऱ्हाड घालतो, शुक्ल लेश्येचा खाली पडलेली फळे वेचतो. मधले चौघे खोड, फांदी, डहाळी, घोस असे उतरत जातात. नवशिकी मुलगी काय करते? एकाला काळा, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला पारव्याचा राखी, असे रंग भरत सुटते. दहा पावलांवरून पाहा, नील आणि कापोत एकमेकांत मिसळून जातात, कारण रंग वेगळे असले तरी दोघांचा गडदपणा एकच पडलेला असतो. तीच सहा माणसे आधी नुसत्या तपकिरीत, गडद ते उजळ अशी सहा पायऱ्यांनी मांडून पाहा. भाव तिथेच दिसला तर वरचा रंग त्याला खुलवतो. तिथे दिसला नाही, तर महागाची ट्यूबही काही करू शकत नाही.

आणि गंमत अशी की या रंगाचे गोत्र आपल्या गावाशी जुळते. अंबर ही लोह आणि मँगनीजचे ऑक्साइड असलेली माती. तेलरंग पाणी उडून सुकत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि मँगनीज ते काम लवकर करवून घेते. म्हणून अंबरचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, म्हणूनच तो तळाला योग्य. भरवेलीची मँगनीज खाण आपल्या गावाला लागून. तिथला दगड पोलाद करायला जातो हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण तेच धातूचे तत्त्व चित्राचा पाया सुकवते, हे एका तरी क्लासात सांगितले जाते का?

"घरच्या बाईला एवढा वेळ कुठे?" हा पुढचा सवाल. मग ॲक्रिलिकचा तळ घाला, तासाभरात सुकतो. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो. तेलरंगावर ॲक्रिलिक मात्र कधी नाही. "फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्टांनी तर थेट रंग लावले", असेही कोणी सांगेल. लावले. पण त्यांच्यातल्या बहुतेकांचा डोळा आणि हात आधी शिकून तयार झालेला होता. आपल्या मुलींना ते शिकायलाच मिळालेले नाही, त्यांनी काय सोडायचे?

खरी गोष्ट अशी की तळाची विद्या नेहमी दडवली गेली. 1868 मध्ये त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने तरुण रविवर्म्याला शिकवले नाही, फक्त काम पाहू दिले. तो राजघराण्याशी नाते असलेला पुरुष होता, पाहून पाहून शिकला. बायकांना पाहू तरी कोण देणार? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून नाव काढलेल्या अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद, दोघीही चित्रकारांच्या लेकी. बाप घरात रंग कालवत होता म्हणून त्यांना पाया दिसला. किराणा, कापड, सराफीच्या घरात जन्मलेल्या आपल्या पोरींना तो कोण दाखवणार? क्लासनेच दाखवायला हवा.

समितीचे तर काय सांगावे! दशलक्षण पर्व पंधरा दिवसांवर आले की महिला मंडळाला निरोप येतो, महावीरांच्या जीवनावर चार मोठी चित्रे हवीत. ओल्या थरावर जाड थर चढतो. खालचा थर वरच्यापेक्षा कमी तेलाचा आणि सुकलेला असावा, हा साधा नियम मोडतो. काही वर्षांत पापडासारख्या भेगा पडतात. मग "बायकांचं कामच तसलं" म्हणत तिथे फ्लेक्स लागतो. घाई कोणी केली, हे कोणी विचारत नाही.

आपण तर खाली काय आहे हे विचारणारी माणसे. जमिनीखालचा कंद ताटात येऊ देत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. मग भगवंताच्या चित्राखाली काय आहे? 'आयव्हरी ब्लॅक' नावाचा काळा रंग जनावरांची हाडे जाळून करतात. कॅनव्हासला परंपरेने जनावराच्या कातड्याचा सरस लावत, ब्रशला डुकराचे केस. पर्याय बाजारात आहेत : ट्यूबवर पीबीके 9 असेल तर हाडांचा काळा, पीबीके 11 असेल तर लोहाचा. सिंथेटिक ब्रश मिळतात, ॲक्रिलिकचे अस्तर दिलेला कॅनव्हास मिळतो. फक्त विचारावे लागते, आणि तळाशी ज्याचा हात गेलाच नाही तो विचारणार कसा?

म्हणून माझे मागणे साधे आहे. क्लासवाल्यांनी पहिला महिना एका रंगावर काढावा, फी तीच घ्यावी. समितीने चित्र हवे असेल तर चातुर्मास बसण्याआधी सांगावे, आणि साहित्याचे पैसे द्यावेत. आणि आयांनो, पोरगी तपकिरी, मळकट दिसणाऱ्या कॅनव्हाससमोर तीन दिवस बसलेली दिसली तर "अजून रंग नाही का भरला?" असे विचारू नका. तिला बसू द्या. तिचे चित्र तिथेच ठरते आहे.